मेल्याशिवाय मारवा नाही

मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही, अशी म्हण आहे. स्वर्गाचं खरंखोटं कुणी सांगावं, पण मारव्याला ती तंतोतंत लागू पडते. आपल्या निमित्ताने एखादा चांगला गवई बसावा, मागे दोन तानपुरे झंकारावेत, पुढे चार जाणकारांनी मांडीवर ताल धरून माना डोलवाव्यात, अशी हौस असेल तर आपल्याकडे त्याला एकच अट आहे : माणूस हयात असता कामा नये. पुरावे हवे तेवढे आहेत. सवाई गंधर्व १९५२ च्या सप्टेंबरात गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूच्या पुण्यतिथीनिमित्त पुण्यात महोत्सव सुरू केला. तो त्यांनी दशकानुदशकं सांभाळला, वाढवला. पण महोत्सवाच्या नावात त्यांचं नाव आलं ते २०११ साली ते स्वतः गेल्यावर. मराठवाड्यात या. अंबाजोगाईचा समारोह यशवंतराव चव्हाणांच्या स्मृतीचा, म्हणजे २५ नोव्हेंबरचा. नांदेडचा संगीत शंकर दरबार शंकरराव चव्हाणांच्या स्मृतीचा, फेब्रुवारीतला. राज्याबाहेर पडलं म्हणून सुटका होत नाही. ग्वाल्हेरला तानसेनाच्या कबरीपाशी, जालंधरला १८७५ पासून एका गुरूच्या समाधीपाशी, तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीच्या तिथीला. पुढाऱ्याला हयातीत मिरवणूक मिळते, सत्कार मिळतो, वजनाइतके लाडू मिळतात. मालकंस मात्र वर गेल्यावर.

हयात माणसाच्या वाट्याला काय येतं, ते हिंगोलीच्या कुठल्याही चौकात पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. फ्लेक्सच्या मधोमध उत्सवमूर्ती, डोळ्यावर गॉगल आणि कानाला मोबाईल, जणू वरूनच कुणाचा तरी फोन आला आहे. डोक्यावर नेत्यांची रांग, मोठ्याकडून लहानाकडे. पायाशी शुभेच्छुकांचे चौकोनी चेहरे, टपाल तिकिटांच्या पानासारखे दाटीवाटीने चिकटवलेले. नावाआधी ‘भावी’ हा शब्द. पुढे नगरसेवक येतो की आमदार, हे फ्लेक्सच्या फुटांवर ठरतं. संध्याकाळी केक. त्यातला निम्मा तोंडात आणि निम्मा तोंडाला. तो कापायला सुरीऐवजी तलवार घेतली तर दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात नोंद, आणि ती नोंद म्हणजे शुभेच्छाच समजायची. मग डीजे. त्याचा बेस असा की दुकानांची बंद शटरं आपणहून ठेका धरतात. अलीकडे हे एका दिवसात उरकत नाही. शुक्रवारी रात्री बाराच्या ठोक्याला सुरू झालेला वाढदिवस रविवारी संध्याकाळपर्यंत चालतो. माझं म्हणणं एवढंच की पावणेदोन दिवस हाताशी आहेतच, माणूस हयात आहेच आणि खर्च होणारच आहे, तर गाण्याची बैठक पुण्यतिथीकडून काढून वाढदिवसाकडे वळवावी. उत्सवमूर्तीला ती ऐकता येईल, हा त्यातला फायदा आजवर कुणी मोजलेलाच नाही.

पहिला आक्षेप अपशकुनाचा येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. सरकारी दुखवटा जाहीर झाला की आकाशवाणीवर आणि दूरदर्शनवर तासन् तास सारंगी आणि सतार चालायची. रेडिओवर अवेळी सारंगी लागली की घरातली म्हातारी माणसं स्वर नाही, ‘कोण गेलं?’ एवढंच विचारायची. ज्या पिढीने दरबारी म्हणजे दुखवटा असा धडा गिरवला, तिच्या अंगणात वाढदिवसाला तानपुरा निघाला तर शेजारी पांढरा सदरा घालून येण्याची शक्यता आहे. पण आपल्याच पंचांगात या आक्षेपाचं उत्तर आहे. रामनवमीला बरोबर दुपारी बाराला जन्म होतो आणि तो कीर्तनकाराच्या तोंडून होतो. पेटी, तबला, झांजा, पाळणा आणि मग सुंठवडा. गोकुळाष्टमीला मध्यरात्री तेच. हनुमान जयंतीला तर लोक सूर्योदयाआधी उठून जन्माचं कीर्तन ऐकतात, हे वर्षातलं त्यांचं एकमेव लवकर उठणं असलं तरी. म्हणजे देवांचे वाढदिवस गाण्यानेच साजरे करायचे, गेलेल्या माणसांच्या तिथीला गाणंच ठेवायचं आणि मधल्या मध्ये जित्या माणसापुढे तेवढं डीजेचं खोकं उभं करायचं. हा भेद कुठल्या शास्त्रात सांगितला आहे, ते एखाद्या भटजीने दाखवून द्यावं.

दुसरा आक्षेप हमखास येतो : आमच्याकडे कुणाला त्यातलं कळत नाही. हा विनय नाही, कांगावा आहे. केक कापताना जे गाणं म्हटलं जातं, त्याचे स्वर जरा बघा. अमेरिकेतल्या केंटकीच्या हिल नावाच्या दोन बहिणींनी बालवर्गातल्या मुलांसाठी केलेली ही चाल १८९३ साली छापली गेली. ती खालच्या पंचमावर सुरू होते, धैवताला शिवते, षड्जावर जाते, निषादावर टेकते. दुसऱ्या ओळीत ऋषभापर्यंत. इथवर ठीक. तिसऱ्या ओळीत मात्र खालच्या पंचमावरून थेट मधल्या पंचमावर, अख्ख्या सप्तकाची उडी, मध्ये कुठेही न थांबता! गायकीच्या वर्गात ही उडी साफ व्हायला महिनोन् महिने पलटे घोटावे लागतात. इथे तीस माणसं तोंडात वेफर असताना ती मारतात, षड्ज कुणी दिलेला नसताना, प्रत्येक जण आपापल्या पट्टीत. काहींचा पाय वरच्या पायरीला लागतो, काही मधेच लटकतात, एखादे काका उडीच न मारता खालूनच टाळ्या वाजवतात. इतकं अवघड गाणं दर वाढदिवसाला बिनदिक्कत म्हणणाऱ्या लोकांनी यमन झेपणार नाही म्हणावं, हे पटण्यासारखं नाही.

त्यातून हिंगोली जिल्ह्याने तर हे म्हणूच नये. नामदेवांचं जन्मगाव नरसी याच जिल्ह्यातलं, कयाधूच्या काठचं. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि तो ग्रंथ रागवार लावलेला आहे. नामदेवांच्या पदांवर तिथे भैरव, तोडी, सारंग, मल्हार, कानडा अशी नावं आहेत. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा भरगच्च कार्यक्रमच तो. त्यांचा एक विठ्ठलाचा अभंग भीमसेनांनी राम फाटकांच्या चालीत गायला, अहिर भैरवमध्ये. तो अभंग ऐकला नाही असा माणूस जिल्ह्यात सापडायचा नाही आणि आपण अहिर भैरव ऐकला हे ठाऊक असणारे बोटावर मोजण्याइतके असतील. बिघडलं काही? भजनी मंडळात रागाला ‘चाल’ म्हणतात आणि एकादशीच्या रात्री ती चाल चुकली की पखवाजवाल्याच्या आधी पाठीमागे बसलेली म्हातारी भुवई उंचावते. एवढा कान पुष्कळ झाला. श्रोत्याने किती तयारीचं असावं याचा दाखलाही याच जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथाला नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला जाऊन गायला लागले आणि देवळाने आपलं तोंडच तिकडे फिरवलं, अशी कथा आहे. गाणाऱ्यासाठी सगळ्या इमारतीसकट वळून बसलेला श्रोता जगात दुसरा नसेल. आपल्याला त्या मानाने मोबाईल पालथा ठेवायचा आहे.

मग तारखेचा मुद्दा. वाढदिवस मंगळवारी असताना शनिवार-रविवारी करणं म्हणजे फसवणूक, असं काही काटेकोर मंडळी म्हणतात. या मंडळींनी आपल्या वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एकदा नजर टाकावी. तिथे बहुधा १ जून आढळेल. मराठवाड्यातल्या एका सबंध पिढीचा जन्म १ जूनला झाला, आणि तो हेडमास्तरांच्या टेबलावर झाला. पोरगं शाळेत बसायचं म्हणजे तारीख हवी, घरी आठवण काय तर ‘पोळ्याच्या आसपास’ किंवा ‘मोठ्या पुराच्या वर्षी’, मग मास्तरांनी कान धरून अंदाज घ्यायचा आणि दौतीत टाक बुडवायचा. ज्याची तारीखच मास्तरांनी दिली, त्याने ती चार दिवस इकडे तिकडे केली तर सटवाईला राग यायचं कारण नाही. सवाईचंच बघा : पुण्यतिथी सप्टेंबरातली आणि महोत्सव डिसेंबरात. पंढरपूरची आषाढी एकादशी झाली की वद्य एकादशीला नरसीला परतवारी भरते, म्हणजे पंधरा दिवसांनी पुन्हा तोच सोहळा. बाहेरच्या देशातला दाखला हवा असेल तर जर्मन संगीतकार वाग्नरचा घ्या. त्याच्या बायकोचा, कोझिमाचा वाढदिवस २४ डिसेंबरचा, पण घरात तो २५ ला पाळत. १८७० च्या त्या सकाळी त्याने मूठभर वादक स्वित्झर्लंडमधल्या आपल्या घराच्या जिन्यात उभे केले आणि बाईंना जाग आली ती खास त्यांच्यासाठी रचलेल्या नव्या संगीताने. तारीख चुकल्याची तक्रार त्यांनी केल्याचं कुठे नोंदलेलं नाही. जिन्यात वादक मावतात, हा त्यातला आपल्या कामाचा भाग. हिंगोलीत मंगल कार्यालय मिळालं नाही तर घाबरायचं कारण नाही.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. शनिवार-रविवारच का, एक संध्याकाळ का नको? कारण रागाला घड्याळ असतं आणि आपण ते गेली वीस-पंचवीस वर्षं मोडून ठेवलं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे ध्वनिवर्धक बंद केले. वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, ती बहुतेक गणपतीत आणि नवरात्रात खर्च होते. रात्रभर चालणाऱ्या मैफली त्यामुळे गेल्या. दुसरीकडे दिवसा कार्यक्रम ठेवावा तर लोक कामावर. उरलं काय, तर संध्याकाळी सात ते दहा. उद्घाटन, दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांचं ‘मला गाण्यातलं काही कळत नाही, पण’ या वाक्याने सुरू होऊन चाळीस मिनिटं चालणारं भाषण वजा जाता गवयाच्या हाती सव्वा तास लागतो. त्यात तो यमन गातो नाहीतर पूरिया, मग घाईघाईने भैरवी, तीही रात्री दहाला पाच कमी असताना. तोडी, सारंग, भीमपलास, मुलतानी हे राग या श्रोत्याने भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून कधी ऐकलेलेच नसतात. सारंग म्हणजे दुपारचं ऊन, हे त्याला एखाद्या लेखात वाचून माहीत असतं. तो लेख त्याने रात्री वाचलेला असतो.

वाढदिवसाचा शनिवार-रविवार ही मोडकी व्यवस्था दुरुस्त करू शकतो. शनिवारी रात्री जेवणं उरकून नऊला घरच्या हॉलमध्ये सतरंजी पसरली, की बागेश्रीपासून मालकंसापर्यंत मध्यरात्र उलटली तरी हरकत नाही. कारण वीस माणसांना माईक लागत नाही आणि नियम ध्वनिवर्धकाचा आहे, गळ्याचा नाही. डीजेवाल्याला दहाला वायरी गुंडाळाव्या लागतात, गवई तेव्हा कुठे गळा तापवत असतो. रविवारी सकाळी चहा झाल्यावर तोडी. दुपारी सारंग, त्या वेळी पुरणपोळी खाऊन अर्धे श्रोते भिंतीला टेकून डोळे मिटतील, पण मैफलीत डोळे मिटण्याला प्रतिष्ठा आहे, घोरण्याला तेवढी नाही. आणि उन्हं कलताना तो मारवा, ज्याच्यासाठी एरवी मरावं लागतं. वयाचा हिशेबही यात फार सुरेख बसतो. विलंबित एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन संथ गाणाऱ्याकडे पाऊण ते एक मिनिट घेतं. पन्नाशीच्या माणसाला वर्षाला एक याप्रमाणे पन्नास आवर्तनं मोजली की बरोबर एक बडा ख्याल होतो. केकवर पन्नास मेणबत्त्या लावायला गेलं तर शेवटची पेटेपर्यंत पहिली विझते, शिवाय वय चारचौघांत उजेडात येतं. आवर्तनं मोजणारा तबलजी वय बाहेर सांगत नाही.

इतका वेळ कोण थांबणार, हा प्रश्न मात्र हिंगोलीत विचारू नये. हा हळदीचा जिल्हा आहे. बेणं जूनमध्ये लावायचं, काढायला पुढचं वर्ष उजाडतं, मग उकडायची, पंधरवडाभर उन्हात वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची, तेव्हा कुठे ती वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात जाते आणि तिथे भाव पडलेला असतो. हे सगळं सोसणाऱ्या माणसाला आलाप लांबतो म्हणून तक्रार करायचा हक्क नाही. शिवाय औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. २०२३ साली केंद्राने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात, आणि काम काय तर ऐकणं. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी २०१५ च्या १४ सप्टेंबरला दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर पकडली. ती सुमारे १३० कोटी वर्षं वाटेत होती आणि यंत्राला जाणवली एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा वेळ. तिचा आवाज करून ऐकला तर एखादी चिमणी चिवकून उडाल्यासारखा वाटतो. एवढ्या नाजूक कानाला जमिनीची थरथर चालत नाही, म्हणून देशभर जागा धुंडाळून ही शांत जमीन पसंत केली. त्या जमिनीवर, ट्रॉलीवर चढवलेल्या बेसच्या साक्षीने, एका भावी जिल्हा परिषद सदस्याचा वाढदिवस साजरा होतो आहे, असं चित्र डोळ्यासमोर आणा. शास्त्रज्ञ दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली म्हणून आनंदाने एकमेकांना मिठ्या मारतील.

त्या मानाने गवयाची तयारी फारच माफक असते. तानपुरा मिरजेचा असो नाहीतर कुठलाही, घोडीवर तारेखाली एक सुती दोरा असतो. तो केसभर पुढे, पुन्हा केसभर मागे सरकवायचा, तार छेडायची, मान वाकडी करून ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. अचानक एका क्षणी तारेचा ठणका संपतो आणि तिच्यातून मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा गुंजारव सुटतो. याला जवारी लागणं म्हणतात. या कामाला दहा-पंधरा मिनिटं जातात आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतला एखादा उत्साही गृहस्थ ‘क्या बात है’ म्हणून मोकळा होतो. त्याला हसू नये. ती दाद जवारीला असेल तर त्याच्याइतका जाणकार सभेत दुसरा नाही.

खर्चाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जनरेटर, ट्रॉली, लेझरचे दिवे आणि चार चौकांतले फ्लेक्स यांची बेरीज ज्यांनी भरली आहे, त्यांनी ती मनातल्या मनात करावी. गवई मात्र दुरून बोलावलाच पाहिजे असं नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत विशारद झालेला एखादा संगीतशिक्षक तालुक्याच्या गावीही असतो. वर्षभर त्याच्याकडून शाळा शिक्षणाधिकाऱ्यांच्या स्वागतगीतापलीकडे काही बसवून घेत नाही. त्याला एका रात्री मालकंस गायला सांगितला तर आधी त्याचा विश्वास बसणार नाही आणि मग तो पहाटेपर्यंत थांबणार नाही. त्याला मानधन द्यावं, एवढीच विनंती. त्या शब्दातल्या मानावर भागवून धन गाळायची आपल्याकडे फार जुनी रीत आहे.

एक गोष्ट मान्य करतो : गर्दी जमणार नाही. ज्याला निवडणूक लढवायची आहे, त्याने या भानगडीत पडू नये. बड्या ख्यालाला वीस माणसं बसतात आणि त्यातली तिघं दुसऱ्या वॉर्डातली निघतात. ज्याला कुठेच निवडून यायचं नाही, अशा बहुसंख्य प्रजेसाठी ही सूचना आहे. पोरं कंटाळतील, हेही खरं. पोरं बारशातही कंटाळतात; त्यांना तबलजीच्या उजव्या हाताला बसवावं, म्हणजे हातोडी घेऊन गट्टे ठोकण्यात त्यांचा अर्धा तास सहज जातो आणि उरलेला अर्धा ती हातोडी मागण्यात. खरी अडचण स्वयंपाकघराची आहे. घरातली बाई फोडण्या देत असताना बाहेर तोडी चालली तर ती बैठक अर्ध्या घराचीच झाली. तेव्हा रविवारचा स्वयंपाक आचाऱ्याकडे द्यावा, भगोणी मागच्या अंगणात मांडावीत आणि घरातल्या बाईला पुढे, तानपुऱ्याच्या शेजारी बसवावं. आचाऱ्याला एवढंच बजावून ठेवावं की वरणाला फोडणी द्रुत सुरू झाल्यावर दे. विलंबितात मोहरी तडतडली तर तबलजी आधी दचकतो आणि मग तिच्याच लयीत वाजवायला लागतो.